फणसाला दिलेलं एक वर्ष

मी कोयता बोलतोय. बिचकू नका, सध्या शहाळ्यांची तोंडं उडवायच्या कामावर आहे. इब्रामपूरला कधी आलात तर वळणावर धाकूचं दुकान लागेल. दारातच, डाव्या हाताला, खिळ्यावर मी टांगलेला असतो. पात्याच्या मधोमध एक खाच आहे, तिच्यावरून ओळखा. ती कशी पडली ते सांगायलाच बसलोय. बसलोय म्हणजे लटकलोय.

गोष्ट सुडाची आहे, हे आधीच सांगून ठेवतो. दुकानात वाढलेल्यानं माल झाकून विकू नये.

लोखंडाला जन्म दोन असतात. पहिल्या जन्मी मी डिचोलीच्या खाणीवरल्या एका ट्रकच्या कमानीतला पाटा होतो. पाट्याचं काम एकच. वरून येईल तेवढं वजन सोसायचं, वाकायचं, पण मोडायचं नाही. तांबड्या खनिजाच्या राशीच्या राशी माझ्या पाठीवरून गेल्या. रस्त्याकडेची माणसं नाकाला पदर लावून आम्हांला शिव्या घालायची, त्याही सोसल्या. पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक माळावर उभा राहिला आणि चाकांतून घाणेरी उगवली. शेवटी एका लोहारानं मला उपसून भट्टीत घातलं, ठोकून बाक दिला आणि लालबुंद असतानाच पाण्यात बुडवलं. बाहेर आलो तो दुसऱ्याच स्वभावाचा. सोसणं संपलं, तोडणं सुरू झालं.

धाकूनं मला डिचोलीच्या बाजारात उचललं. बाकीची गिऱ्हाइकं धारेवर अंगठा फिरवत होती. यानं मला दोन बोटांत लोंबता धरून नखानं टिचकी मारली आणि कान लावला.

"हा गातो," तो लोहाराला म्हणाला. "मडकं आणि कोयता, दोघांची परीक्षा कानानं."

शाळा त्यानं अर्ध्यावर सोडलेली, पण असलं ज्ञान त्याच्याकडे पोत्यांनी होतं.

घरी त्याची बायको शालिनी. मला कुणी मायेनं पुसलं असेल तर तिनं. फणस फोडला की माझ्या अंगाला चीक लागायचा. ती खोबरेल तेलाचं बोट पात्यावरून फिरवायची, मला मागच्या दाराच्या खिळ्यावर अडकवायची आणि म्हणायची, "राजा, पुरे आता. नीज."

आणि मी निजायचो. हातांत गुण असतो.

दुकान रस्त्यावर होतं, पण घर बरंच आत, चढावर. मधली वाट शेजारी भिकाजीच्या अंगणाला घासून जाते. भिकाजी माणूस वाईट नव्हता म्हणतात. मी म्हणत नाही. एका उन्हाळ्यात त्यानं त्या वाटेवर किंदळाच्या जाड फळ्यांचं फाटक घातलं आणि साखळीला कुलूप लावलं. पायी जाणाऱ्याला कडेनं फट ठेवली, गाडीला मात्र बंदी. "वाट माझ्या जमिनीतली," म्हणाला. धाकू हसून म्हणाला, "असू दे रे. गाडी लागली तर किल्ली मागेन." व्यापाऱ्याची जात, शेजाऱ्याशी भांडण घेत नाही.

श्रावणात शालिनीच्या छातीत कळ आली. गाडी फाटकापर्यंत आली आणि थांबली. धाकू भिकाजीच्या अंगणात उभा राहून किल्ली मागत होता. आतून भिकाजीचा आवाज आला, "शोधतोय, सापडत नाय." सगळे थांबले. आता मिळेल, मग मिळेल. मी मागच्या दाराला लटकून ओरडत होतो, लोखंड ओरडतं तसं, म्हणजे कुणाला ऐकू न जाईल असं. मला घ्या. फळ्याच आहेत. चार घावांचं काम. पण दुसऱ्याच्या वस्तूवर हात टाकायचा नाही हे धाकूच्या हाडात मुरलेलं. शेवटी तिला खुर्चीत बसवून, निसरड्या उतारावरून, त्या फटीतून बाहेर काढली. इस्पितळात डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणायला हवं होतं.

दहाव्याला भिकाजीची बायको मालती आली. जाताना धाकूजवळ थांबून हळूच म्हणाली, "किल्ली खुंटीलाच होती, भावजी. माका बोलूक दिल्यान नाय."

त्या दिवशी धाकूनं मला खिळ्यावरून काढलं, दगडावर पाणी शिंपडलं आणि धार लावायला बसला. मग रोज सकाळी हेच. तोंडानं देवाचं नाव नाही, काही नाही. नुसतं "भिकाजी... भिकाजी..." आणि दगडाचा आवाज. तुम्हांला वाईट वाटेल, पण मला बरं वाटत होतं. एक खुंटीवर राहिली म्हणून आणि एक खिळ्यावर राहिला म्हणून शालिनी गेली. किल्लीचं मला ठाऊक नाही, मला ते सोसत नव्हतं. मग त्यानं मला दुकानात आणून टांगलं. समोरूनच भिकाजी ये-जा करायचा. मला बघायचा आणि पावलं उचलायचा.

आता इनासाविषयी सांगायला हवं. इनास मूळचा चोपड्याचा, किरिस्तांव. काजूच्या हंगामात आमच्या डोंगरावर दारूची भाटी लावायला आला आणि इथलाच झाला. त्याला एक खोड होती. जे दिसेल त्यात त्याला त्याचा सायब काहीतरी शिकवताना दिसायचा. सायब म्हणजे देव. मीठ घ्यायला आला की विचारायचा, "धाकू, मिठाचं खारटपण गेलं तर त्याला खारवायचं कशानं?"

"माझं मीठ खारटच आसा. घे आणि चल."

पोत्यावर चिमण्या बसल्या की म्हणायचा, "ह्यांतली एक पडली तरी सायबाक खबर लागते."

"माझे तांदूळ खातात, त्याची खबर लागत नाय वाटतं त्याला?" धाकू विचारायचा. "तुझा पाद्री तुला पगार देतो काय रे?"

शालिनी गेल्यावर मात्र इनासानं एक अक्षर उपदेश केला नाही. त्या दिवशी तिला नेताना खुर्चीची पुढची बाजू त्याच्या खांद्यावर होती. फक्त एकदा, धार लावण्याचा आवाज ऐकत तो पायरीवर बसला होता, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "हा आधी गाडीखालचा पाटा होता ना? वजन घ्यायचा." धाकू धार लावत राहिला. माझ्या पात्यावरून मात्र काहीतरी सरकन गेलं. मला ते आवडलं नाही.

मार्गशीर्षात मालती दुकानात आली. तिच्या अंगणात एक फणस होता, लग्न होऊन आली तेव्हा तिनंच आठळी पेरलेली. बुंधा चांगला मांडीएवढा झाला, पण फळ धरत नव्हता. आमच्या भागात अशा वांझ झाडाला भीती घालायची रीत आहे. एकानं कोयता उगारून म्हणायचं, "फळ देतोस की तोडू?" सालीवर एक बारीक घाव घालायचा. दुसऱ्यानं मध्ये पडून जामीन राहायचं, "एक वर्ष दे, फळ देईल." झाड घाबरतं आणि धरतं म्हणतात. पण कोयता परक्या घरचा लागतो. घरच्या कोयत्याला झाड ओळखतं.

"भावजी, तुमी याल?" मालतीनं विचारलं.

"तुझ्या घोवानं धाडलं?"

"नाय. मी आपली आले."

"माझा राग ठाऊक असून, वैनी?"

"म्हणानच. लटक्या रागाक झाड भीत नाय."

धाकूनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "येतो."

ती गेल्यावर त्यानं मला खाली काढलं. मला त्याच्या मुठीतून सगळं कळलं. पहिला घाव रीतीचा, दुसरा आपला. हात जोरात बसला म्हणायचं. खोल घाव बसला की पुढचं काम कीड करते. भिकाजीच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत, झाड उभ्या उभ्या वाळेल आणि त्याला काही करता येणार नाही, जसं आपल्याला करता आलं नाही. काय सांगू, अशी धार मला पुन्हा कधी चढली नाही.

जामीन म्हणून मालतीनं इनासाला सांगितलं होतं. वाटेत तो धाकूला म्हणाला, "ही तर आमच्या सायबाची काणी. एकाच्या मळ्यात अंजिराचं झाड. फळ देईना. धनी म्हणाला, तोड. माळी म्हणाला, यंदा राहू दे, मी भोवती खणतो, सारं-खत घालतो, मग बघ."

"ही आमची रीत. तुझ्या सायबाक कोणी सांगितली?" धाकू म्हणाला. "बरं, मग लागलं फळ?"

"तें सायबान सांगूंक ना."

"अर्धी गोष्ट सांगून गेला? दुकानात असं केलं तर गिऱ्हाईक परत येणार नाय."

अंगणात पाचपन्नास माणसं जमली होती. वाड्यावर करमणूक दुसरी काय असते? भिकाजी ओसरीवर, खांबाला टेकून. धाकू फणसापुढे उभा राहिला आणि मला उगारलं.

"फळ देतोस की तोडू?"

पहिला घाव बसला. पांढरा चीक वर आला, मला त्याची चव ओळखीची होती. इनास म्हणाला, "धाकू, एक वरस दी. हांव जामीन." इथे कोयता खाली यायचा असतो. तो खाली आला नाही. आणखी वर गेला.

इनासानं धाकूचे डोळे बघितले आणि पुढे होऊन दोन्ही हातांनी बुंध्याला मिठी मारली. घाव बसणार होता तिथेच त्याचं मनगट.

"बाजूक हो," धाकू दबक्या आवाजात म्हणाला.

"जामीन बाजूक होत नाय, धाकू."

"तुझं काय जातंय रे त्यात?"

"अजून काय नाय. तू मारलास तर हात."

लोकांना वाटलं, रीतच रंगवतायत. कोणी तरी हसलंसुद्धा. मला त्या मनगटाशी देणंघेणं नव्हतं, खरं सांगतो. मी तर त्यातूनही गेलो असतो. पण धाकूची नजर इनासाच्या खांद्यावर गेली. तोच खांदा, तीच खुर्ची. तो मला हळूहळू खाली घेत गेला, आणि माझं टोक ओसरीकडे वळलं.

"एक वर्ष," तो म्हणाला. "झाडाला, आणि तुला, भिकाजी."

मग हसणाऱ्यांना कळलं, ही रीत नव्हे.

ते वर्ष मी खिळ्यावर चडफडत काढलं. इनासानं जामीनकी चोख केली. फणसाभोवती आळं खणलं, शेण घातलं, पालापाचोळा घातला. शेण आणायचं तर हातगाडी लागते, आणि हातगाडी फटीतून जात नाही. म्हणून भिकाजीनं खुंटीवरची किल्ली काढून फाटक उघडून दिलं. इनासानं ते दुकानात येऊन भाबडेपणानं सांगितलं. धाकूच्या हातातलं माप तसंच राहिलं.

"शेणासाठी उघडलं," तो म्हणाला. एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धार लावली.

वर्ष भरलं. धाकू मला घेऊन निघाला, वाटेवरची माणसं मागे मागे आली. फणसाच्या बुंध्याला, अगदी माझ्या घावाच्या वर, हिरव्या कुयऱ्या लटकत होत्या. मालती त्यांच्याजवळ उभी होती, पोरांजवळ उभं राहावं तशी.

धाकूनं झाडाला हात लावला. "यानं शब्द पाळला. याचा जामीन सुटला." मग तो ओसरीकडे वळला. "तुझं काय, भिकाजी? तुका कोण जामीन?"

भिकाजीनं मालतीकडे बघितलं. तिनं मान फिरवली. त्यानं इनासाकडे बघितलं. इनास पाऊल उचलणार होता, पण धाकू म्हणाला, "तू नको. तुझा हात एकदा पणाला लागला."

"कोण नाय," भिकाजी म्हणाला. तो आत गेला, किल्ली घेऊन आला आणि धाकूपुढे धरली. "किल्ली खुंटीलाच होती रे. त्या दिवशी. वाटलं, जरा ताटकळू दे. इतकं होईल असं माका..."

"किल्ली नको," धाकू म्हणाला. त्यानं मला उलटं केलं आणि मूठ भिकाजीपुढे धरली. "फाटक तोड. तूच. सगळ्यांसमोर."

शत्रूच्या हातात कोयता देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. भिकाजीचा घाम माझ्या मुठीला लागला. तो घाव घालू लागला. फळी फुटायची आणि त्याच्या तोंडून हुंदका निघायचा. धाकू वाटेकडेला दगडावर बसून बघत होता, एकही फळी न चुकवता. मधल्या फळीत एक जुना खिळा होता, त्यावर मी आपटलो आणि माझा दात पडला. हीच ती खाच. शेवटी भिकाजीनं मला दोन्ही हातांत धरून परत दिलं. धाकूनं घेतलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही म्हणत नाही.

त्या उन्हाळ्यात पहिला फणस मालतीनं दुकानाच्या पायरीवर आणून ठेवला. धाकूनं तो माझ्याकडून फोडून घेतला, गरे पायरीवर मांडले, येईल त्याला दिले. स्वतः खाल्ला नाही. इनास गरा चघळत होता. धाकू त्याला म्हणाला, "तुझ्या सायबाची अर्धी काणी मी पुरी करतो. झाड लागलं. माणसाचं अजून बघायचं आसा."

मग त्यानं तेलाच्या बाटलीत बोट बुडवलं, माझ्या पात्यावरून, खाचेवरून फिरवलं आणि मला खिळ्यावर अडकवताना पुटपुटला, "राजा, पुरे आता. नीज."

ते शब्द तिचे, हात मात्र याचे. मी डोळे मिटले नाहीत.

वाट आता उघडी आहे. धार महिनोनमहिने लागत नाही, गंज कडेनं चढतोय, शहाळी तेवढी बरी कापतो. माझं मागणं थोडंच आहे. कुणाच्या वाटेवर तुम्ही फाटक घातलं असेल, तर आज घरी जा आणि किल्ली खुंटीवरून काढा. उद्या काढू म्हणू नका. सगळ्यांनाच इनास मिळत नाही, आणि मी अजून जागा आहे.