ताईला विचारून

घरच्यांच्या लेखी ताई हवामान खात्यात कॉम्प्युटरवर होती. त्यामुळे छत्री न्यायची का, हे मावशीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिलाच विचारत, आणि तीही ठोकून द्यायची, ‘न्या.’ प्रत्यक्षात ती बसायची त्या इमारतीवर पाटी नव्हती आणि हॉलला खिडकी नव्हती. बाहेर पाऊस पडतोय की ऊन, हे तिला सुटल्यावरच कळायचं.

पलीकडच्या खोलीतल्या इंजिनिअरांनी सरकारसाठी एक व्हायरस बनवला होता. त्याला सगळे ‘पाहुणा’ म्हणत. कुणाच्या फोनमध्ये शिरला की तो ठिय्या देऊन बसायचा. माइक त्याचा, कॅमेरा त्याचा, मेसेजही त्याचेच, आणि फोनच्या मालकाला गंधवार्ता नाही. पण एवढ्या हुशार पाहुण्यालासुद्धा आत घ्यायला कुणीतरी दार उघडावं लागे. म्हणजे समोरच्यानं मेसेजमधल्या लिंकवर एकदा बोट ठेवायला हवं. ते बोट ठेवायला लावणाऱ्या दोन-तीन ओळी ताई लिहायची.

या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ‘तुमच्या मुलाला अपघात’ असलं काहीतरी लिहिणाऱ्या नवख्यांची ती यथेच्छ खिल्ली उडवायची. “घाबरवू नका रे. घाबरलेला माणूस आधी फोन फिरवतो. नुसती थोडी काळजी लावा. काळजी लागलेला उघडून बघतो.”

माणसाचं नाव तिला कधी सांगत नसत. या वेळी साहेब एवढंच म्हणाले होते, वार्ताहर आहे, सावध आहे, शाळेत जाणाऱ्या मुली आहेत. तिचा धाकटा भाऊ वार्ताहर होता आणि त्याला मुलीच होत्या. पण शहरात असे वार्ताहर काय कमी आहेत? आपल्या घरचं माणूस समोर असू शकेल, हे त्या हॉलमध्ये कुणालाच सुचत नसे. सुचलं असतं तर हातून काम झालं नसतं. तिनं लिहिलं, ‘शाळेतील तपासणीत आपल्या पाल्याच्या डाव्या डोळ्याचा नंबर वाढलेला आढळला. रिपोर्ट सोबत आहे. घाईचे कारण नाही, सवडीने पाहावा.’ ते ‘घाईचे कारण नाही’ ही तिची खासियत. साहेब वाचून खूश झाले.

दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. मोबाइल दारातच काढून घेत, म्हणून घरचे या नंबरावर फोन करत, आणि तो स्पीकरवर ठेवूनच बोलायचा असा नियम होता.

“ताई, कामात आहेस?” धाकटा होता.

“बोल ना.”

“शाळेतून मेसेज आलाय, थोरलीच्या डोळ्यांचा. खाली लिंक आहे. वाचून दाखवू?”

त्यानं वाचलं. तिचीच वाक्यं, शब्दन् शब्द. लहानपणी तिच्याशेजारी बसून धडा वाचायचा, तसंच सावकाश.

“आता बघ, ‘घाईचे कारण नाही’ म्हणे. आपली शाळा इतकी सभ्य कधीपासून झाली? म्हणून शंका आली.” तो हसला, मग आवाज उतरला. “त्या भेसळीच्या सलाइनचं प्रकरण धरल्यापासून लोक माझ्या मागे आहेत गं. मंत्रालयातल्या एक बाई कागद देणार आहेत. उद्या माझ्या फोनवरून त्यांचं नाव फुटलं तर त्या कायमच्या गेल्या. शाळेत कुणी उचलत नाहीये. तुला यातलं कळतं. उघडू का?”

साहेबांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्याजवळ येऊन बसले. डोळे वटारले नाहीत. हात लांब करून त्यांनी स्पीकरचा आवाज जरा वाढवला.

‘नको’ म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? पण मागे एकीनं आपल्या शेजाऱ्याला सावध केलं होतं. तिला घरून उचलून नेलं, आणि तिचं पुढं काय झालं हे हॉलमध्ये कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या क्षणी आपल्या मुलाचं तोंड डोळ्यांपुढं आलं, असं ताई पुढं स्वतःला सांगणार होती. तसलं काही आलं नव्हतं. ती घाबरली होती, बाकी काही नाही.

“ताई? आहेस ना?”

“उघड,” ती म्हणाली. “शाळेचाच दिसतोय.”

“चला, सुटलो. रात्री जेवायलाच ये की.”

“बघते.”

पाहुणा आत शिरला की त्या घरातला पहिला आवाज हॉलमध्ये सगळ्यांना ऐकवत आणि मजकूर लिहिणाऱ्यासाठी टाळ्या वाजवत. साहेबांनी आजही लावायला सांगितलं. आधी खरखर आली, मग भांड्यांचा आवाज, मग वहिनी.

“उघडलंत? आणि आम्हाला सांगता, कशाला हात लावू नका म्हणून.”

“ताईला विचारून उघडलंय.”

“मग हरकत नाही.”

टाळ्या पडल्या. कुणीतरी ताईच्या पाठीवर थाप मारली. वहिनी चष्म्याच्या दुकानाचं काहीतरी बोलत होती, तेवढ्यात धाकट्यानं नंबर लावला.

“हां बाई, आता बोला. नाही नाही, फोनची धास्ती सोडा. आमची ताई कॉम्प्युटरमधली आहे, तिला विचारल्याशिवाय मी काही उघडत नाही. तुम्ही बसता कुठं, तेवढं सांगा. कागद न्यायला मी स्वतः येतो.”

पलीकडून एका बाईचा थकलेला आवाज आला. “तुमच्या भरवशावर सांगते हं.”

साहेबांनी खिसे चाचपले आणि ताईपुढं हात केला. तिनं आपलं पेन त्यांना दिलं.