दोन सेकंद थांबवणारी ओळ

मी एक ओळ बोलतेय. लगेच दाद द्यायला सरसावू नका, कवितेतली नव्हे मी. मी प्रोग्राममधली ओळ. कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यांच्या आधी जागा होतो तो त्याचा गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. त्या कर्नेलच्या एका आडबाजूच्या कोपऱ्यात माझा मुक्काम. माझं म्हणणं एवढंच, 'दोन सेकंद थांब.' ना हिशेब, ना चित्र, ना आवाज. सगळे धावत सुटलेले असतात आणि मी मध्येच हात आडवा करते.

म्हणून तर मला चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटते. शेजारच्या ओळी काय एकेक कामाच्या! एक पंखा फिरवते, दुसरी तारखा सांभाळते. आणि मी? जगभरातल्या यंत्रांना रोज सकाळी खोळंबून ठेवते.

बरं, लपायचीही सोय नाही. हे कर्नेल म्हणजे उघड्यावरचं काम. कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही यावं, वाचावं, सुधारणा पाठवावी. तिथे एक अवजार आहे, झालेला प्रत्येक बदल लक्षात ठेवणारं. त्याला विचारलं की ओळीसमोर ती लिहिणाऱ्याचं नाव हजर. माझ्यासमोर चिमीचं नाव यायचं.

चिमी म्हणजे माझी लिहिणारी. चांगली पोक्त बाई, पण घरात अजून चिमीच. नोकरी, घर सांभाळून कर्नेलच्या आमच्या कोपऱ्याची देखभाल करायची, हौसेनं, फुकट. तिचा थोरला भाऊ, दादा, लहानपणापासून आंधळा. एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेला कागद असतो ना, तो छापण्याआधी दादाच्या बोटांखालून जातो. हो, बोटांखालूनच. त्याच्याकडे ब्रेलची पट्टी आहे. यंत्राला जोडली की पडद्यावरचा मजकूर तिच्यावर बारीक टाचण्यांच्या टोकांसारखा वर येतो आणि दादा भराभर वाचत जातो.

पट्टी जुनी आणि मुलखाची आळशी. कर्नेल सुरू होता होता विचारायचं, "कोण आहे तिकडे?" पट्टी आळोखेपिळोखे देऊन उत्तर देईपर्यंत कर्नेल "कुणी नाही" म्हणून पुढे निघून गेलेलं. तेव्हा चिमीनं मला लिहिलं. गॅसवर दूध ठेवून, एक डोळा दुधावर आणि एक माझ्यावर. पट्टी चालू झाली, दूध मात्र उतू गेलं.

खरं तर हा उपाय नव्हे, जुगाड. चिमीला ते कळत होतं. तिनं माझ्या डोक्यावर एक टीप लिहून ठेवली: 'तात्पुरतं. असं लिहायची लाज वाटते. नीट उपाय सापडला की काढेन.' म्हणजे बघा, जन्मतःच कपाळावर लाज गोंदवून घेतलेली मी.

आता त्या अवजाराची रीत अशी की बदलासोबत त्याचं कारणही लिहायचं. चिमी म्हणाली, "दादा, तुझ्या पट्टीसाठी केलंय असं लिहिते हं."

"अजिबात नको!" दादा तडकला. "माझ्यासाठी अख्ख्या दुनियेला ताटकळत ठेवलं, हे कायमचं लिहून ठेवणार? माझी शोभा करू नकोस, चिमे."

"अरे, पण कारण लिहावं लागतं."

"मग लिही काहीतरी."

तिनं काहीतरीच लिहिलं. 'सुरुवातीला थोडा वेळ दिला.' कुणाला दिला, कशासाठी दिला, अवाक्षर नाही.

वर्षं गेली. नीट उपाय काही सापडला नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी शोधलाही नाही. येणारे-जाणारे मला वाचून फिदीफिदी हसायचे. एकानं तर सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये विचारलं, "ही दोन सेकंदांची डुलकी कुणाची कल्पना?" माझ्यापायी चिमीच्या नावाची टिंगल होताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे चिमीचा व्याप वाढला आणि तिनं आमचा कोपरा एका नव्या राखणदाराच्या हवाली केला. माणूस सज्जन, मेहनती, पसारा डोळ्यांत खुपणारा. त्यानं झाडलोट काढली आणि मी सापडलेच. वरची टीप वाचली, कारण वाचलं. स्वतःच्या यंत्रावर मला वगळून बघितलं, सगळं सुरळीत चाललं. त्याच्याकडे ब्रेलची पट्टी असणार कुठून? बिचाऱ्यानं चिमीला विचारलंही. ती तेव्हा मुलांच्या परीक्षेत बुडालेली. त्याचा मेल धड न वाचताच तिनं उत्तर धाडलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

त्यानं मला काढलं. 'यंत्र दोन सेकंद आधी सुरू होतं' म्हणून त्याचं कौतुकही झालं.

आणि मला काय वाटलं सांगू? सुटले एकदाची! ते अवजार काही विसरत नाही, काढलेल्या ओळीही इतिहासात जपून ठेवतं. तिथे मी अंग चोरून बसले. शिवाय यंत्रात नवं कर्नेल आलं तरी जुनं लगेच कुणी फेकत नाही, अडीअडचणीला असावं म्हणून ते तिथेच पडून राहतं. तशी मी दादाच्याही यंत्रात पडून होते. त्याच्या टेबलावर, त्याच्या हाताशी.

रविवारी दादानं घरी नवं कर्नेल घेतलं. सोमवारी तेच यंत्र छापखान्यात नेऊन पट्टीवरून बोटं फिरवली. सपाट! त्यानं वायर काढून पुन्हा लावली, खाचेत फुंकर मारली, रुमालानं पट्टी पुसली. एकही टाचणी हलेना. जुनं कर्नेल निवडायची सोय सुरुवातीला पडद्यावर येते, पण ती डोळसांसाठी. पट्टी तेव्हा झोपलेलीच असते. दादाला वाटलं, पट्टीचंच आयुष्य संपलं. बनवणारी कंपनीही केव्हाच बंद पडली होती.

यंत्र त्याला मजकूर बोलून दाखवायचं, पण छापखान्याच्या खडखडाटात काय ऐकू येणार, कपाळ? पोरांच्या खोकल्याच्या औषधाचा कागद होता. 'अर्धा चमचा' हवं तिथे 'आठ चमचे' पडलं होतं. दादानं नीट ऐकू न आलेलं तसंच पुढे जाऊ दिलं. शेजारच्या जुळणीवाल्याची नजर गेली म्हणून बरं, नाहीतर तसंच छापलं गेलं असतं.

मालक जवळ येऊन हळूच म्हणाले, "दादा, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या सोमवारपासून फोनवर बसता का? पगार तोच."

"बसतो की," दादा म्हणाला. "तसं वयही झालंच माझं." बोलताना तो हसला आणि पट्टीची वायर गुंडाळू लागला.

मला तिथे ओरडावंसं वाटलं, अहो दादा, पट्टी धडधाकट आहे, मी नाहीये म्हणून ती उठत नाही! पण मला कोण ऐकतंय? सुटले म्हणून मी खूश झाले होते. शी! त्या खुशीची जेवढी लाज वाटली, तेवढी लोकांच्या हसण्याचीही कधी वाटली नव्हती.

दादानं चिमीला काही कळवलं नाही. तिला किती वेळा त्रास द्यायचा, म्हणे. शनिवारी ती सहज घरी आली आणि टेबलावर यंत्रापुढची पट्टीची जागा रिकामी बघून चपापली.

"दादा, पट्टी कुठाय?"

"खणात. म्हातारी झाली ती."

"केव्हापासून?"

"झाले थोडे दिवस. तू चहा घेणारेस का?"

"चहा राहू दे! मला सांगायचं नाही होय रे?"

तिनं पट्टी जोडली आणि यंत्र सुरू करताना जुनं कर्नेल निवडलं. माझी पाळी आली. मी थांबले. आयुष्यात इतक्या मनापासून कधी थांबले नसेन. एक... दोन... आणि खर्रकन टाचण्या वर आल्या! दादाची बोटं आपसूक तिकडे धावली. तो नुसता वाचत सुटला. तारीख, वेळ, फायलींची नावं, जे येईल ते.

"म्हणजे पट्टी ठणठणीत आहे. नव्या कर्नेलमध्येच कुणीतरी माती खाल्लीये," चिमी कंबर कसून बसली. जुन्या आणि नव्याच्या मधला बदल घ्यायचा, चालतंय का बघायचं, मग उरलेल्याचा पुन्हा मधला. असं अर्धं अर्धं करत अवजार तिला बरोबर त्या बदलापाशी घेऊन आलं. मला काढल्याचा बदल. खाली राखणदाराचं नाव. त्याला झाडायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तिला तिचंच जुनं वाक्य दिसलं, 'सुरुवातीला थोडा वेळ दिला.' शेजारी तिचाच मेल, 'योग्य वाटेल ते करा.'

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "त्याला कसं कळणार, दादा? मी कुणासाठी ते लिहिलंच नव्हतं. मी तर त्याचा मेलही धड वाचला नाही."

"बघू काय लिहिलं होतंस," म्हणत दादानं मला पट्टीवर घेतलं. इतकी वर्षं लोकांनी मला नुसतं बघितलं होतं, हात पहिल्यांदाच लागला. त्याची बोटं माझ्यावरून गेली आणि डोक्यावरच्या टिपेवर येऊन थांबली.

"'लाज वाटते'," तो वाचून म्हणाला. "तुला थांबायला सांगायची लाज आणि मला लोकांना थांबवायची. छान घराणं आहे आपलं!"

चिमी हसता हसता रडायलाच लागली. दादानं कीबोर्ड पुढे ओढला. "सरक. या वेळी मी लिहितो."

त्यानं सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये स्वतः लिहिलं: 'मी आंधळा आहे. ही ओळ माझ्या पट्टीसाठी होती. ती गेल्यापासून मला माझं काम वाचता येत नाही. ओळ परत घालावी, ही विनंती.'

राखणदाराचं उत्तर लगेच आलं. 'मला फार शरमल्यासारखं झालंय. ओळ परत घालतो. यापुढे तुमच्या पट्टीवर बघितल्याशिवाय इथे हात लावणार नाही. एवढं तपासून द्याल का?'

दादानं तपासलं. आमच्यात अशीही रीत आहे की तपासणाऱ्याचं नाव बदलाखाली लिहायचं. चिमीनं भीत भीत विचारलं, "घालू दे ना रे नाव?"

"घाल. पूर्ण घाल."

सोमवारी तो मालकांना म्हणाला, "फोनवर दुसरं कुणीतरी बघा," आणि त्या खोकल्याच्या औषधाचा कागद मागून घेतला, पहिल्यापासून पुन्हा वाचायला.

तर मी अशी परत आले आहे. अजूनही जुगाडच आहे. नीट उपाय सापडला तर मला खुशाल काढा, मी हूं की चूं करणार नाही. तोवर तुमचं यंत्र सुरू होताना जरा रेंगाळलं तर वैतागा, तो तुमचा हक्कच आहे, आणि मला ओशाळायची सवयही आहे. फक्त माझ्यासारख्या एखाद्या ओळीवर हात घालण्याआधी, ती कुणासाठी थांबलीये तेवढं विचारा.

माझ्या डोक्यावरची ती जुनी टीप आता नाही. त्या जागी दादानं सांगितलेलं वाक्य आहे: 'इथे थांबा. एक जण वाचायला येतोय.'