चार टाके उजवीकडे

‘या सिस्टिमला यापुढे अपडेट मिळणार नाहीत,’ असा निळा चौकोन गेले पंधरा दिवस रोज सकाळी पडद्यावर उगवत होता, आणि वहिनी रोज त्याला ‘नंतर’ म्हणून वाटेला लावत होत्या. भरतकामाचं दुकान त्यांचं. डिझाइन कॉम्प्युटरवर काढायचं, मशीनने ते कापडावर भरायचं. शनिवारी शाळेचे तीनशे बिल्ले द्यायचे होते आणि कॉम्प्युटर दिवसातून चारदा मान टाकत होता. शाळेचं काम हातचं गेलं तर दुकान बंदच करावं लागलं असतं.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता.

“चौदा वर्षं चाललंय ना? मग कशाला नसती उठाठेव?” असं नवऱ्याचं म्हणणं. जुनी सिस्टिम त्यांनीच बसवली होती, त्यामुळे तिला कुणी नावं ठेवली की त्यांना झोंबायचं.

शेजारीच राहणारी नणंद हॉस्पिटलच्या ऑफिसात होती. तिथले कॉम्प्युटर नुकतेच दुसऱ्या सिस्टिमवर गेले होते आणि तेव्हापासून तिला दुसरा विषय सुचत नव्हता. “वहिनी, बदलून टाक. एक दिवस हे बंद पडेल आणि तुझी अकराशे डिझाइनं घेऊन बुडेल.”

वहिनींना दोघांचंही पटायचं, हीच पंचाईत. आंघोळीला जाताना बदलायचं ठरलेलं असे, केस पुसेपर्यंत नाही.

“बरं, नवी सिस्टिम नुसती पेनड्राइव्हवरून चालवून बघ,” नणंद शेवटी म्हणाली. “जुन्याला धक्कासुद्धा लागणार नाही.”

तसं केलं. पुस्तिकेत बघून नणंदेने मशीनची मापं भरली. मशीन खडखडलं आणि बिल्ला तयार झाला. आधीच कापलेल्या कापडी गोलाच्या मधोमध असायला हवं ते उघडं पुस्तक उजवीकडे सरकलं होतं.

“घ्या! मी काय सांगत होतो?” नवऱ्याला आनंद लपवता येईना. नणंदेचा चेहरा उतरला.

वहिनींनी दुसरा बिल्ला काढला, मग तिसरा. प्रत्येक पुस्तक नेमकं चार टाके उजवीकडे. बिघाड असा मोजून मापून कसा असेल? चार टाके तर त्या स्वतःच सोडत होत्या. दुकान सुरू झालं तेव्हा त्यांची सगळी डिझाइनं डावीकडे जायची. नवरा म्हणाला होता, “तुझी नजर तिरकी आहे. चार टाके उजवीकडे काढत जा.” तेव्हापासून त्या तसंच काढत होत्या. भिंतीवर घड्याळ लावायचं तरी नणंदेला हाक मारत, लेकीचा भांगही तिच्याकडूनच काढून घेत.

त्यांनी पडद्यावर नवीन पुस्तक काढलं. या वेळी काही न सोडता, डोळ्यांना दिसलं तिथे, मधोमध. मशीन थांबलं. पुस्तक गोलाच्या बरोबर मध्यावर बसलं होतं.

“अहो, जुन्या सिस्टिमला मशीनचा मध्य कितीवर सांगितला होता तुम्ही?”

नवऱ्याने चष्मा लावला, पुस्तिका बघितली, जुन्या सिस्टिमचा आकडा बघितला, मग पुन्हा पुस्तिका. दोन आकड्यांत नेमका चार टाक्यांचा फरक होता.

“एक काम करू,” ते शेवटी हळूच म्हणाले. “नव्यातही माझाच आकडा टाकू. म्हणजे तुला अकराशे डिझाइनं दुरुस्त करायला नकोत.”

सोय तर होती. क्षणभर वहिनींना तेही पटलं. मग संताप उसळला.

“नाही. नवीनच बसवा, आणि आकडा खरा टाका. बिल्ल्याचं डिझाइन आत्ता सरळ करते, बाकीची एकेक करून करीन.”

नवरा खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला.

“चला, सुटले बाई!” नणंद हसत म्हणाली. “आता घड्याळ लावायला मला बोलवू नकोस.”

वहिनीही हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

“घड्याळ लावीन गं मी. पण पोरीचा भांग? तिने केस कापेपर्यंत, दहा वर्षं, रोज सकाळी तिला तुझ्याकडे पाठवली मी.”