पासप्पाची सभा

शनिवारची सकाळ होती. बाळीवेशीजवळच्या अरुंद गल्लीत निंगव्वा चुलीपुढं भाकऱ्या थापत बसली होती. उद्याच्या सभेला येणाऱ्या पोरांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी द्यायची, असं तिनं आपणहून ठरवलं होतं. माडीवर भाड्यानं राहणारा पास्कल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून भाजलेल्या शेंगा सोलत होता. तो आफ्रिकेतल्या काँगो देशाचा, सोलापुरात फार्मसी शिकायला आलेला. त्याचं नाव निंगव्वाच्या तोंडात बसेना, म्हणून पहिल्याच महिन्यात तिनं त्याचा पासप्पा करून टाकला होता.

"पासप्पा, शेंगा सोलायला दिल्यात, खायला न्हाय."

"अव्वा, मी बघतो चांगली हाय का."

"एकेक करून सगळ्याच बघणार व्हय रे?"

तो मोठ्यानं हसला. निंगव्वाची लेक दानेश्वरी कायद्याच्या कॉलेजात होती. ती पिशवीत कागद भरत म्हणाली, "अव्वा, त्याला खाऊ दे. उद्या भाषण करायचंय त्याला."

सभा काँगोसाठीच होती. पास्कलच्या मुलुखात डोंगराच्या पोटातून एक माती निघते, ती मोबाईल बनवायला लागते. त्या मातीसाठी बंदूकवाल्या टोळ्या गावंच्या गावं उठवतात आणि लहान पोरांना खाणीत उतरवतात. पास्कलचा धाकटा भाऊ अशाच एका खाणीत गाडला गेला होता. शहरातल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांनी आणि दानेश्वरीच्या मित्रमैत्रिणींनी मिळून एक सभागृह घेतलं होतं. पोस्टरं छापली होती. त्यांवर पाठीवर पोती घेतलेली पोरं, अंधारं भोक आणि कडेला बंदूक घेऊन उभा असलेला माणूस होता. खालचा मजकूर इंग्रजीत होता. त्यातलं एक पोस्टर पास्कलनं जिन्याच्या भिंतीला चिकटवलं होतं.

गल्लीतल्या पोरांनी काँगोच्या पोरांसाठी चित्रं काढावीत आणि ती सभेत लावावीत, ही कल्पनाही त्याचीच. आठवडाभर तो त्यांना रंग आणि चॉकलेटं वाटत होता. आपल्या मोडक्या मराठीत सांगत होता, "रविवारी माझ्याबरोबर यायचं. गाडी येणार."

गल्लीतली माणसं वाईट होती असं म्हणवत नाही. मठातल्या दासोहाला, अन्नदानाच्या पंगतीत, ती वाढायला असायची. जातपात न बघता जेवू घालायचं, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. पण पास्कल समोरून आला की बाया पदर सावरायच्या आणि टपोरी पोरं "ए काळ्या" म्हणून शीळ घालायची. घरोघरी सून गोरीच हवी असायची, आणि काळ्या रंगाची भीती पाळण्यातल्या लेकराला घातली जायची. त्यातच जिल्ह्यात पोरं पळवणारी टोळी फिरते, असा मेसेज दहा ठिकाणांहून आला होता.

दुपारी शेजारचा कुमार मुलीला, वैष्णवीला, शोधत बाहेर आला. ती कुठं दिसेना. त्याची नजर जिन्यावरच्या पोस्टरवर गेली. पोती वाहणारी पोरं, बंदूकवाला काळा माणूस. त्यानं फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला: 'आपली पोरं कुठं नेतात बघा. माझी वैष्णवी सापडत नाही.'

पोरांना वाचवा म्हणून ओरडणारं ते पोस्टरच पोरं पळवल्याचा पुरावा ठरलं. खालच्या ओळी वाचायला कुणी थांबलं नाही.

वैष्णवी माडीवर चित्र रंगवत होती. खालचा गलका ऐकून पास्कल तिचा हात धरून जिना उतरला. गल्लीनं तेवढंच पाहिलं.

"धरा! पोरीला घेऊन पळतोय!"

पहिला दगड त्याच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, दात खाली पडला. पोरीला कुणीतरी ओढून घेतलं. ती "मामाला मारू नका" म्हणून किंचाळत होती, पण तिचं कुणाला ऐकू आलं नाही. काठ्या निघाल्या, पट्टे निघाले, एकीनं घरातलं मुसळ आणून दिलं. पास्कल गुडघ्यावर पडला, उठला, परत पडला आणि रांगत निंगव्वाच्या दाराशी आला. रक्तानं माखलेल्या हातांनी तो दार बडवू लागला.

"अव्वा! अव्वा!"

आत निंगव्वाचा नवरा सिद्धाराम जेवायला बसलेला. नवी पेठेत त्याचं कापडाचं दुकान. ताटावरून उठून त्यानं धावत कडी घातली आणि पाठ दाराला लावून उभा राहिला.

"सरका," निंगव्वा म्हणाली.

"उघडलंस तर घर पेटवतील. येडी झालीस का?"

"लेकरू हाय भायेर."

"आपलं न्हवं ते!"

निंगव्वा त्याच्या हाताला कडकडून चावली. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यावर तिनं आवाजही चढवला नव्हता. तो कळवळून बाजूला झाला आणि तिनं कडी काढली.

दार उघडलं तेव्हा पास्कल पायरीवर आडवा होता. लाथा चालू होत्या. माडीमाडीवरून मोबाईल खाली रोखलेले होते. आणि गर्दी फाडून तिचा मुलगा बसू पुढं आला. मेसेज वाचून तो दुकानातून धावत आलेला. हातात कापड मोजायचा लोखंडी गज होता.

"बसू, नको रे!"

गज पास्कलच्या कानशिलावर बसला. ओला नारळ फुटावा तसा आवाज आला. निंगव्वानं स्वतःला पास्कलच्या अंगावर झोकून दिलं. गज परत खाली आला तो तिच्या मनगटावर. हाड मोडलं, बांगड्यांच्या काचा मांसात घुसल्या. बसूनं खाली पाहिलं. कुणाचा हात आहे हे त्याला कळायला क्षण लागला. मग त्याच्या हातातला गज गळून पडला.

पास्कल त्याच संध्याकाळी इस्पितळात मेला.

पोलीस आले. गल्लीत कुणी काहीच पाहिलं नव्हतं. बाहेरची माणसं आली, मारून पळाली, असं सगळ्यांनी सांगितलं. सोमवारी गल्लीतले वडीलधारे पंचाक्षरी अप्पा कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढून सिद्धारामच्या घरी आले. मोबाईलमधलं सगळं चित्रण पुसून टाका, हा निरोप घरोघर त्यांनीच फिरवला होता.

"निंगव्वा, तू न्हाणीत घसरून पडलीस. हात तिथं मोडला. कळलं न्हवं?"

निंगव्वानं मोडका हात पदराखालून बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"बसूचं अक्कलकोटला ठरलंय. पोरीकडची माणसं चांगली हायत. गल्लीचं गल्लीत ऱ्हावं. तो परका माणूस, आज ना उद्या जाणारच हुता."

"अप्पा," दानेश्वरी म्हणाली, "तो गेला नाही. त्याला मारलं."

"तू वकील झाल्यावर बोल गं. आत्ता च्या टाक."

दानेश्वरी जागची हलली नाही. त्या दुपारी ती सभागृहात खुर्च्या लावत होती. तिनं काहीच पाहिलं नव्हतं, म्हणून तिच्या बोलण्याला पोलिसांच्या लेखी किंमत नव्हती. किंमत होती ती फक्त आईच्या शब्दाला.

सभा पुढच्या रविवारवर गेली. त्या सकाळी निंगव्वा लुगडं नेसून निघाली, तेव्हा बसू उंबऱ्यात आडवा बसला. आठवडाभर तो धड जेवला नव्हता.

"अव्वा, तितं जाऊन काय सांगणारायस?"

"बघितलं ते."

"मी एकदाच मारलं गं. सगळेच मारत हुते. माझ्या एकट्यानं मेला का तो?"

"एकदाच मारलंस. कुटं लागलं ते मी बघितलं."

"मला वाटलं पोरगी पळवली. मला खरंच वाटलं!" तो तिच्या पायाला मिठी मारून रडू लागला. "मी तुझ्या पोटचा हाय. तो कोण हुता तुझा?"

निंगव्वाचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. डाव्या हातानं तिनं त्याचे केस विंचरल्यासारखे मागं सारले.

"तुरुंगात भाकरी घेऊन मी येईन. दर येळला येईन. पण खोटं न्हाय बोलणार बाळा. चल माझ्यासंगं."

तो आला नाही. सिद्धारामनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मायलेकी पायीच निघाल्या.

सभागृह भरलं होतं. पुढं आफ्रिकी मुलं काळ्या फिती लावून बसली होती. मागं गल्लीतली बरीच माणसं होती. कोण काय बोलतं हे बघायला पंचाक्षरी अप्पांनी त्यांना आणलं होतं. त्यांच्यात मान खाली घालून कुमारही होता. बंदोबस्ताला आलेले फौजदार दाराशी उभे होते. खाणीत मेलेल्यांसाठी सगळे उभे राहिले, मग पास्कलसाठी. त्याच्या एका मैत्रिणीनं त्याच्या आईला फोन लावला होता. ती मैत्रीण दुसऱ्या देशातली; आईला समजेल अशी भाषा तिथं कुणापाशीच नव्हती. फोनमधून फक्त एका बाईचं रडणं आलं.

तेव्हा निंगव्वा उठली आणि माइकपाशी गेली.

"त्या बाईला कुणी तरी सांगा. तुझा पोरगा माझ्या दाराशी मेला. माझ्या मालकानं कडी घातली. आणि डोसक्यात गज घातला तो माझ्या पोरानं, बसूनं. हा हात बी त्यानंच मोडलाय. मी न्हाणीत पडले न्हाय."

"निंगव्वा!" पंचाक्षरी अप्पा ओरडले. "घराचं वाटुळं करतीस!"

"ते त्याच दिवशी झालं, अप्पा." ती फौजदारांकडं वळली. "साहेब, हितंच लिवून घेता, का ठाण्यात येऊ?"

"ठाण्यात यावं लागेल, आजी."

"चला मग."

दानेश्वरी तिच्याबरोबर निघाली. दारापाशी पोचल्यावर निंगव्वा थांबली आणि तिनं मागच्या रांगांकडं पाहिलं. तिच्याच गल्लीतले चेहरे. कुणी छताकडं बघत होतं, कुणी हातातल्या मोबाईलकडं.

"एका बाईनं सांगितलेलं कोर्टात पुरतं का न्हाय, मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "पण तुमी बी बघितलंय की."

कुणी उठलं नाही. फौजदारांनी घड्याळाकडं पाहिलं. निंगव्वा दारातून हलली नाही. मोडका हात छातीशी धरून ती एकेका तोंडाकडं बघत उभी राहिली.