राणीचा उजवा हातमोजा

मित्रांनो, हातमोजे नेहमी जोडीने असतात. मी मात्र एकटा आहे. मी एक जुना, पांढरा, कोपराच्याही वर पोहोचणारा उजव्या हाताचा मोजा आहे आणि मनगटापासून तळव्यापर्यंत मला उभे कापलेले आहे. बघणाऱ्याला वाटते, फाटला म्हणून टाकून दिलेला असणार. तसे कोणी म्हटले की मला राग येतो. मला कोणी टाकले नाही. मला का कापले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म नेपल्समधला, एका अरुंद गल्लीतला. तिथे शेळीच्या करडाचे कोवळे कातडे ओले करून टेबलाच्या कडेवर असे ओढतात की ते कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ होते. कातडे कापणारा कारागीर वेगळा आणि शिवणाऱ्या बायका वेगळ्या. माझी बोटे कॉन्चेत्ता नावाच्या बाईने आपल्या घरी बसून शिवली. शिवताना ती नवऱ्याला अखंड बोलत होती, त्यामुळे जगात आल्या आल्या मी प्रथम शिव्या ऐकल्या. पण टाके असे घातले होते की भिंग लावूनही दिसू नयेत. शेवटी मला मोत्यासारखी बटणे लागली. त्यातली मनगटावरची तीन फार कामाची. ती काढली की सगळा मोजा न उतरवता हात बाहेर घेता येतो आणि माझी बोटे दुमडून मनगटात खोचता येतात. मेजवानीला बसलेल्या राण्या तशाच जेवतात.

मला विकत घेतले ते डोंगरातल्या एका लहानशा राज्याच्या राणीसाठी. तिचे नाव थिओफाना. तिच्या कपड्यांची सगळी व्यवस्था ल्युबित्सा नावाची बाई बघत असे. बावीस वर्षे तिने हे एकच काम केले होते. कोणत्या देशाच्या पदकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून आणि कोणत्या देशाचा डाव्या खांद्यावरून, दुखवट्यात कोणते मोती चालतात, दुसऱ्या राणीपेक्षा आपल्या झग्याचा मागे लोळणारा घोळ किती वीत आखूड ठेवायचा, हे तिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. मला घालायच्या आधी ती माझ्या बोटांत शंखजिऱ्याची भुकटी शिंपडायची आणि परत आल्यावर शिळ्या पावाच्या चुऱ्याने माझा मळ हलकेच पुसायची. तिच्या हातांवर सुयांचे डाग होते. मला कळायला लागले तेव्हापासून मी त्या हातांत निर्धास्त होतो.

राणीच्या हातावर मी कीर्ती मिळवली. परदेशांचे मोठमोठे राजदूत माझ्यावर वाकत आणि ओठ न टेकवता चुंबन घेत. वर्तमानपत्रांत माझे कौतुक छापून येई. खोटे कशाला सांगू, मी फार शेफारलो. माझ्यावर एक सुरकुती नाही, हेच माझे मोठेपण असे मला वाटू लागले.

मग एका परदेश दौऱ्यात घात झाला. पाहुण्यांच्या रांगेत राणी हात पुढे करत असताना माझे मनगटावरचे एक बटण सुटले आणि फटीतून बोटभर कातडी दिसली. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्राने राणीचे चित्र काढले, त्यात मी फुटलेल्या पोत्यासारखा दाखवला होता. आमच्या दरबारात राजशिष्टाचार सांभाळणारे ग्राडिमिरसाहेब होते. ते चित्र बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ल्युबित्साबाई, पुढच्या दौऱ्याला ही तीन बटणं शिवूनच टाका," ते म्हणाले.

"शिवून टाकू? मग राणीसाहेबांनी हात बाहेर कसा काढायचा, साहेब?"

"काढायचाच नाहीये. नदीपलीकडच्या काठी फक्त स्वागत आहे. जेवण पुढं आगगाडीत, तेव्हा दुसरे मोजे घाला."

"आणि स्वागताचा पाव?"

"पावाला ओठ टेकवायचे आणि बाजूला द्यायचा. आपल्याकडं काय वेगळं करतात?"

मित्रांनो, चूक झाली ती इथेच. आमच्या डोंगरात पाहुणा स्वागताच्या पावाला ओठ टेकवतो. नदीपलीकडे काय करतात, हे त्यांनी विचारलेच नाही, आणि ल्युबित्सानेही विचारले नाही. तिने रेशमी दोऱ्याने दुहेरी टाके घालून माझे मनगट बंद केले. मला तर आनंदच झाला. आता सुटायची भीतीच नाही, असे मला वाटले.

नदीपलीकडच्या राज्याशी वीस वर्षांपूर्वी आमची लढाई झाली होती. त्यानंतर आमच्या राजघराण्यातल्या कोणीही तिकडे पाऊल टाकले नव्हते. ही पहिलीच भेट होती. राजधानी पुढे होती, पण सीमेवर पहिले स्वागत नदीच्या घाटावरच्या एका गावाने करायचे होते. बोट लागली. बँड वाजला. राणी उतरली. समोर नगराध्यक्ष उभे होते आणि त्यांच्या शेजारी काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी. तिच्या पसरलेल्या हातांवर भरतकामाचा टॉवेल, त्यावर मोठा गोल पाव आणि मिठाची वाटी. तिचे नाव येर्गाना. गावातला सगळ्यात चांगला पाव तिचा, म्हणून तिला निवडले होते. तिचा नवरा त्याच लढाईत गेला होता, हे मला तिथेच कुजबुजीतून कळले.

राणीने वाकून पावाला ओठ टेकवले आणि ती मागे झाली. ग्राडिमिरसाहेबांनी पाव घ्यायला हात पुढे केले. येर्गाना आजीने पाव सोडला नाही.

"बाईसाहेब, तोडा की," ती म्हणाली. दोन्हीकडची बोली जवळपास सारखीच होती, त्यामुळे सगळ्यांना कळले. "मीठ लावून घास घ्या. आणि हात उघडा करा. मी काय मोजे घालून पीठ मळलं नाही."

"आजी, जरा गप्प बस," नगराध्यक्ष पुटपुटले.

"तू गप्प बस. तुझ्या लग्नातला पावही मीच केला होता. मोठा शहाणा झालास!"

गर्दीत हसू उमटले. राणीही हसली आणि माझ्या बटणांकडे तिचा डावा हात गेला. बटण हलेना. दुसरेही हलेना. मग तिने बोटांची टोके धरून मला ओढले. ऊन कडक होते, तिचा हात सुजला होता आणि मी तिच्या कातडीला चिकटून बसलो होतो. मी जागचा ढिम्म हललो नाही. माझ्या आयुष्यात त्या दिवसाइतका तंग मी कधीच बसलो नव्हतो.

त्या गावात एक रीत होती. पाहुण्याने घास घेतल्याशिवाय पाव धरणाऱ्याने हात खाली करायचे नाहीत. हात खाली गेले तर पाहुण्याने पाव नाकारला असा अर्थ. येर्गाना आजी सत्तरीची होती. तिचे हात थरथरू लागले. मिठाच्या वाटीतून मीठ टॉवेलवर सांडले. हसू थांबले. बँडवाले वाद्ये खाली करून बघत राहिले.

"आमचं खायचं नाही त्यांना," मागून एक पुरुष मोठ्याने म्हणाला. "मारायला तेवढे आले होते!"

दोन राज्यांनी वर्षभर पत्रे लिहून जुळवलेली भेट त्या एका घासावर येऊन अडली होती, आणि अडवणारा मी होतो. माझ्यावर एकही सुरकुती नव्हती आणि मला प्रथमच स्वतःची लाज वाटली.

वस्त्रे सांभाळणाऱ्या बाईने लोकांसमोर कधी दिसायचे नसते. ल्युबित्सा मागे सामानाजवळ उभी होती. ती तिथून निघाली. राणीबरोबर आलेल्या मंत्र्यांच्या मधून आली, राजपुत्राच्या पुढून गेली.

"मागं व्हा!" ग्राडिमिरसाहेब दातांतून म्हणाले. "काय चालवलंय हे?"

"टाके माझे आहेत, साहेब," ती म्हणाली. "राणीसाहेब, हात द्या."

तिने कमरेची कात्री काढली. बावीस वर्षांत तिने कातड्याला कधी कात्री लावली नव्हती. मग थंड पाते मनगटात शिरले आणि मी उभा चिरला गेलो. दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले. पण त्या फटीतून राणीचा हात बाहेर आला, घामेजलेला, बटणांचे लाल वळ उठलेला, अगदी कोणत्याही बाईचा असतो तसा हात. तिने पाव तोडला, मिठात बुडवला आणि खाल्ला. घाटावरच्या पुरुषांनी टोप्या काढल्या. काही बायका रडू लागल्या.

येर्गाना आजीने हात खाली केले, पण लगेच पावाचा एक तुकडा तोडून ल्युबित्सापुढे धरला.

"घे गं बाई. माझ्या हातांची दया तुलाच आली."

ल्युबित्सा घाबरली. तिने राणीकडे पाहिले. राणीने मान हलवली. होय म्हणून हलवली, मी तिच्या हातावरच लोंबत होतो, मी स्वतः पाहिले. ल्युबित्साने आपले काळे सुती हातमोजे काढले आणि तो घास खाल्ला.

संध्याकाळी आगगाडीच्या डब्यात ग्राडिमिरसाहेब आले. मी टेबलावर पडलो होतो. राणी नवे मोजे चढवत होती आणि ल्युबित्सा तिची बटणे लावत होती.

"मोजा कापला, ते निभावलं," साहेब म्हणाले. "पण राणीसाहेबांनंतर तो घास राजपुत्रांचा होता, मग मंत्र्यांचा. एका नोकर बाईनं सगळ्यांच्या आधी खाल्ला. मंत्री चिडलेत. उद्या राजधानीत पोहोचण्याआधी हिला परत धाडायला हवं. कायमचं." ते राणीकडे वळले. "राणीसाहेबांची काही हरकत?"

ल्युबित्साची बोटे बटणावर थांबली. राणी खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर सूर्यफुलांची शेते होती, दुसरे काही नव्हते. मी वाट पाहिली. आता ती सांगेल की मान मीच हलवली होती, असे मला वाटले. राणी काही बोलली नाही. साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि ते गेले.

ल्युबित्साने उरलेली बटणे लावली. एकही चुकले नाही.

"हा नेऊ का मी?" तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

"ने," राणी म्हणाली. तेवढेच.

माझा जुळा, डावा मोजा, राजवाड्यात काचेच्या पेटीत गेला. त्याच्याखाली त्या ऐतिहासिक भेटीची पाटी लागली. मी ल्युबित्साबरोबर तिच्या बहिणीच्या घरी डोंगरात आलो. तिथे ती मुलींना शिवण शिकवायची. कठीण टाका दाखवायचा झाला की मला पेटीतून काढून कॉन्चेत्ताचे काम दाखवायची. मुली माझ्या फटीत बोटे घालून खिदळायच्या.

"मावशी, तुम्हाला एवढं येतं, मग हा का नाही शिवत? कळणारसुद्धा नाही कुणाला."

"म्हणूनच नाही शिवत," ती म्हणायची. "एकदा शिवून बघितलंय मी ह्याला."

ल्युबित्सा जाऊन फार वर्षे झाली. आता मी तिच्या भाचीच्या नातीकडे आहे. ती मला सावलीत ठेवते, वर्षातून एकदा हवा देते. मित्रांनो, वस्तू अशाच जपाव्यात, उन्हापासून, कसरीपासून, ओलीपासून. पण वस्तू डागाळू नये म्हणून कोणाचा हात आत कोंडू नका. तशी वेळ आली तर खुशाल कात्री चालवा, आम्हाला त्याचे काही वाटत नाही. आणि तुमच्यासाठी कोणी सगळ्यांसमोर पुढे आले आणि नंतर त्याच्यावर बालंट आले, तर तेव्हा खिडकीबाहेर बघत बसू नका. त्या संध्याकाळी त्या टेबलावरून मला खूप काही सांगायचे होते. पण मला तोंड नव्हते. राणीला होते.