पाटाखालचं खोबरेल

पाट पालथा घालून दत्ताराम त्याच्या खालच्या दोन पट्ट्यांना खोबरेल चोळत बसला होता आणि खाटेवरून राधाबाई तापाच्या गुंगीतही त्याला शिकवत होती.

"राखून नको, ओता सगळां. कुलूप आडलां, तेल घाला, दार करकरलां, तेल घाला…"

"गो, गप रव. बोलान ताप चढतलो."

पाट तिचाच, माहेरून आलेला, फणसाचा. बाटलीही तिचीच, केसांच्या तेलाची. जानेवारीच्या गारठ्यात तेल गोठायचं, म्हणून रोज सकाळी ती बाटली गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची. आज ती दत्तारामने ठेवली होती. विरघळलेलं तेल त्याने शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं आणि पाटाला दोरी बांधली.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. गोळीबार रोजचाच झाला होता. सकाळी चाळीतल्या माणसांनी राधाबाईला झोळीत घालून इस्पितळात नेलं, तर तिथे व्हरांड्यातही पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर बिचारे रक्ताने माखलेले. त्यांनी हात जोडले. "घरी न्या. रात्रभर डोक्यावर बर्फ ठेवा. ताप उतरला तर वाचतील."

बर्फ! दत्तारामचा उभा जन्म बर्फात गेलेला. काळाचौकीच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढून ओढून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. लग्नांची सरबतं, मासळीच्या टोपल्या, शेटजींच्या मेजवान्या, सगळं त्याने गार केलं. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र बर्फाचा खडा कधी आला नव्हता. आज आणायचा तर हातगाड्या साखळ्या लावून बंद, आणि खांद्यावर अर्धी लादीही पेलवत नव्हती. म्हणून हा पाट.

"लवकर ये रे," कपाळावर ओली घडी ठेवत शेजारच्या कौसल्याकाकी म्हणाल्या.

कारखाना बंद होता, पण राजाराम मुकादमाने मागचं दार उघडलं. काही न विचारता अर्धी लादी काढून पाटावर ठेवली, वर भुसा, त्यावर पोतं. "पळ दत्ता," एवढंच म्हणाला.

सुरुवातीला पाट लोण्यातून सुरी जावी तसा चालला. दत्ताराम मनात म्हणाला, बाई तापात आहे, पण डोकं शाबूत आहे हो! मग हळूहळू दोरी जड होऊ लागली. आधी त्याला वाटलं, खांदा थकला. दात-ओठ खाऊन त्याने ओढलं. पाट रस्त्याला दातांनी धरल्यासारखा अडून बसला. शेवटी लादी बाजूला उतरवून त्याने तो उलटा केला.

खोबरेल गोठलं होतं. पांढरं, घट्ट, आणि त्यात रस्त्यावरची वाळू, काचा, दगडफेकीचा चुरा रुतून बसलेला. वर बर्फाची लादी, खाली खोबरेल, दुसरं काय होणार? ज्याचा जन्म बर्फात गेला, त्याला एवढं सुचू नये! पण घरात बायको तापाने फणफणत असली की भल्याभल्यांची अक्कल पेंड खायला जाते. पत्र्याच्या तुकड्याने, मग नखांनी तो तेल खरवडत बसला. पोत्याखालून पाण्याचा ओघळ गटाराकडे निघाला होता. तो बघून त्याला रडू फुटलं.

समोरच्या चाळीच्या नळावर एक बाई कपडे धूत होती.

"कुणासाठी रे बर्फ?"

"बायलेक ताप आसा."

तिने हातातली साबणाची वडी तशीच त्याच्या पुढे केली. "ही घास. चांगली घास. ठेव तुलाच, जा!"

साबण चालला. बर्फाचं पाणी ठिबकेल तसा पट्ट्यांखाली फेस होऊ लागला आणि पाट सुटला. भोईवाड्याच्या अलीकडे रस्ता जरासा उतरतो, तिथे तर तो दत्तारामच्या टाचांवर येऊ लागला. आयुष्यभर लाद्या ओढल्या, पण लादीने त्याला पळवलं ते आजच. त्या उतारावर तो चक्क हसला.

चाळीच्या जिन्यावर माणसं उभी होती. त्यांनी सरकून वाट दिली. दोघांनी लादी वर चढवली.

"काकी, बर्फ हाडलंय! फडको आना!"

कौसल्याकाकी दारातच उभ्या होत्या. "दत्ता, गेली रे ती. येळ नाय झालो जास्त."

जास्त वेळ झाला नव्हता. तो वेळ कुठे गेला, हे एकट्या दत्तारामलाच माहीत होतं.

संध्याकाळपासून संचारबंदी होती. सकाळपर्यंत नेता येणार नव्हतं. चाळीतले चिंतामणी मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "दत्ताराम, बर्फ आहे ते बरं झालं. रात्र काढायची आहे." बोलून गेल्यावर त्यांनाच कसंसं झालं आणि ते बाहेर गेले. दत्तारामने लादी फोडली. राधाबाईच्या दोन्ही बाजूंनी, डोक्याशी, पायांशी स्वतःच्या हातांनी रचली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

सवाशीण बाई, तशी कशी पाठवायची? काकींनी हिरवं लुगडं काढलं, कुंकू काढलं, तिचे केस मोकळे करून फणी घेतली. मग बाटली उपडी करून पाहिली.

"तेल खंय रे? असूंदे, मी घराकडसून हाडतंय."

"रवा, काकी."

त्याने दाराआडचा पाट ओढून उलटा केला. पट्टी जिथे फळीला मिळते, त्या कोपऱ्यात सुपारीएवढं खोबरेल राहिलं होतं. पांढरंशुभ्र, धूळ न लागलेलं. त्याने ते नखाने काढून तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने चोळलं. ते विरघळेना. बर्फ रचून रचून त्याचे हात लाकूड झाले होते. त्याने तोंडाची वाफ दिली, मूठ मिटून काखेत धरली, पुन्हा उघडून पाहिली.

काकी केस हातात धरून थांबल्या होत्या. "घाई नाय रे," त्या म्हणाल्या.

दत्ताराम तिच्या उशाशी बसून राहिला, मूठ काखेत घट्ट दाबून, हात गरम व्हायची वाट बघत.