एक वीत लांब

सासूबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा एजन्सीने दोन वर्षांच्या करारावर एक बाई पाठवली. घरातच राहणारी, चाळिशीची, मोजकं बोलणारी. मी तिला ताई म्हणायचे. सासूबाई आठवड्याभरात ‘महाराणी’ म्हणायला लागल्या.

ती कामचुकार आहे, यावर आमचं दोघींचं एकमत होतं. सासू-सुनेचं एकमत झालं की समोरच्याचं काही खरं नसतं. चष्मा मागितला तर ती आणायची, पण हातात द्यायची नाही. टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवायची. चहाच्या कपाचं तेच. उशाशी असलेली घंटी सरकत सरकत खिडकीत जाऊन बसली होती. हाक मारली की दारातूनच म्हणायची, “आले हं आजी,” आणि येतच नसे. मी ऑफिसमधून आले की चपला काढायच्या आधी तक्रारी सुरू.

तेराव्या महिन्यात माझा धीर सुटला. करार मध्येच संपवण्याचा अर्ज मागवला. त्यावर कारणांचे चार चौकोन होते: चोरी, गैरवर्तन, गैरहजेरी, कामात हयगय. एकावर खूण करायची. एजन्सीचा माणूस फोनवर म्हणाला, “मॅडम, विचार करून करा. यातलं काहीही लागलं की तिला पुढचं घर मिळत नाही.”

“झालाय विचार,” मी म्हटलं. अशा वेळी माझा आवाज फार करारी निघतो.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज घेऊन बसले. पेन ‘हयगय’वर टेकवलं, तेवढ्यात सासूबाई आल्या.

“लिहितेयस ना? लिही. पाणी मागून मागून घसा सुकला माझा. महाराणी खिडकीशी उभी राहून रस्ता बघतेय. सगळं मेलं मलाच करावं लागतं या घरात.”

असं म्हणत त्यांनी पाण्याचा जग उचलला, उजव्या हाताने, आणि ग्लास भरून घटाघटा प्यायल्या.

मी बघतच राहिले. त्यांच्या खोलीपासून इथवर सतरा पावलं आहेत. हातात काठीसुद्धा नव्हती.

“आई, तुम्ही आलात कशा?”

“कशा म्हणजे? चालत. उडत येऊ?” आणि मग उजव्या हातातल्या ग्लासाकडे त्यांचं स्वतःचंच लक्ष गेलं.

त्यांच्या मागे दारात ताई उभी होती. दोन्ही हात पुढे, पडणारं मूल झेलायला धरावेत तसे. पायात नुसते मोजे. रोज अशीच पाठोपाठ येत असणार, आवाज न करता.

“सांगायचंस तरी,” मी म्हटलं.

“सांगितलं असतं तर आजी हट्टाने पलंगावर बसून राहिल्या असत्या. माझा राग आला की त्या चालतात.” ती किंचित हसली. “वस्तू रोज एक वीत लांब ठेवायची, एवढंच. शिव्या खायची तयारी पाहिजे.”

मग तिला टेबलावरचा अर्ज दिसला. मी तो हाताखाली झाकला. उशीर झाला होता.

“थांबवाच करार, वहिनी. इथलं काम उरकलं माझं. दुसरीकडे कुणीतरी पडून असेल. फक्त...” चौकोनांकडे बघून ती थांबली.

मला मान वर करवेना. “या चारांत तू बसत नाहीस,” एवढंच म्हणाले.

“आण इकडे,” सासूबाई म्हणाल्या. समोर बसल्या. माझ्या हातातून पेन घेऊन चारही चौकोनांवर एक वाकडी रेघ मारली आणि खाली लिहायला लागल्या. बोटं थरथरत होती. मी हात पुढे केला, तर ताईने डोळ्यांनीच दटावलं. बऱ्याच वेळाने दोन ओळी उमटल्या: ‘हिने मला उठवलं. काम मुदतीच्या आत पूर्ण.’ खाली सही.

“उद्या मी स्वतः नेऊन देते,” मी म्हटलं. “आणि तिथे सगळं सांगते. माझं चुकलं तेसुद्धा.”

सासूबाई पेनाचं टोपण शोधत होत्या. ते ओट्याच्या पार टोकाला जाऊन बसलं होतं.

“बघ,” त्या मला म्हणाल्या, “जाता जातासुद्धा सुधारली नाही.”

आणि टेबलाला हात टेकून उठल्या.